वाघ मोजायची नोकरी आणि रिकामा रकाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, वय २४, एका व्याघ्र प्रकल्पात कंत्राटी फील्ड बायोलॉजिस्टची जागा निघाली आहे. वाघ मोजायचं काम आवडेल असं वाटतं, पण वडील म्हणतात बँकेची परीक्षा दे. रोजचं काम नेमकं काय असतं, त्यात पुढे काही आहे का, आणि शेवटी जरा दबक्या आवाजात, वाघ खरंच मोजतात की आकडा वरून ठरून येतो?

मी हेच काम १७ वर्षं करते आहे. आधी संशोधन सहायक, मग कंत्राटी जीवशास्त्रज्ञ. जवळजवळ सगळं विदर्भात. त्यामुळे मी सांगते ते सागाच्या, ऐनाच्या, बांबूच्या पानगळी जंगलाचं. सुंदरबनात खाडीतून होडीने फिरणाऱ्या किंवा सह्याद्रीत पावसाशी झगडणाऱ्या माणसाचं उत्तर बरंच वेगळं येईल.

तुमच्या तीन प्रश्नांच्या खाली मला एकच प्रश्न दिसतो. 'वाघ मोजायला आवडेल' असं तुम्ही म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर वाघ असतो. प्रत्यक्षात या कामातले बहुतेक दिवस वाघ नसतो. पाऊलखूण नसते, विष्ठा नसते, कॅमेऱ्यात वाऱ्याने हललेलं गवत असतं. त्या दिवशीही फॉर्म भरायचा असतो, आणि त्यात शून्य लिहायचं असतं. हे शून्य लिहिणं तुम्हाला जमेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. ऐकायला सोपं वाटतं. मला नीट जमायला चार वर्षं लागली.

दर चार वर्षांनी देशभर व्याघ्र गणना होते. तिची सुरुवात जंगलाच्या सगळ्यात लहान प्रशासकीय तुकड्यापासून, म्हणजे बीटपासून होते. वनरक्षक आपल्या बीटात तीन दिवस, रोज पाच-पाच किलोमीटर, नाल्यांतून, बैलगाडीच्या वाटांवरून चालतो आणि मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवतो. पुढचे तीन दिवस दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालून चितळ, सांबर, गवा, नीलगाय, रानडुक्कर असे तृणभक्षी मोजतो. तुमच्यासारख्या बायोलॉजिस्टचं काम असतं त्यांना शिकवणं, सोबत चालणं, आलेला डेटा तपासणं आणि जिथे घोळ दिसेल तिथे पुन्हा जाऊन बघणं.

माझ्या पहिल्या गणनेत एका बीटाचे तिन्ही दिवसांचे फॉर्म माझ्याकडे आले. तिन्ही दिवस वाघाच्या खुणा, तिन्ही दिवस साधारण सारख्याच ठिकाणी. शेजारच्या बीटातही तसंच. मी त्या वनरक्षकाकडे गेले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, जंगल तळहातासारखं ठाऊक असलेले गृहस्थ. मी विचारलं, "काका, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला होता ना? मग मातीत ताजे पगमार्क कसे?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, रिकामा फॉर्म दिला तर साहेब म्हणतील, हा फिरलाच नाही. वाघ तर आहेच ना तिथं. मी खोटं कुठं लिहिलं?"

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. वाघ तिथे होताच. पण आम्हाला 'वाघ आहे का' एवढंच नको होतं. वाघ असतानाही एका फेरीत त्याची खूण सापडायची शक्यता किती, हे हवं होतं. समजा, वाघ असलेल्या एका बीटात तीन फेऱ्यांचा निकाल शून्य-एक-शून्य आला. यातून कळतं की इथल्या खडकाळ जमिनीवर तीन फेऱ्यांत एकदाच खूण सापडते. मग शेजारच्या तशाच बीटात शून्य-शून्य-शून्य आलं, तर 'तिथे वाघ नाही' असं आपण छातीठोकपणे म्हणत नाही. असूनही हुकला असण्याला हिशोबात जागा ठेवतो. पण सगळ्यांनी भीतीपोटी एक-एक-एक लिहिलं, तर गणिताला वाटतं की असेल तिथे खूण सापडतेच. मग कुणीतरी इमानदारीने शून्य लिहिलेल्या बीटावर 'इथे नाहीच' असा शिक्का बसतो, आणि उद्या त्याच बीटातून रस्ता काढायचा प्रस्ताव आला की हाच कागद पुढे ठेवला जातो. काकांना मी हे असंच समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मी वाघ दाखवला की दुसऱ्याचा वाघ जातो?" याहून चांगली व्याख्या मला कुठल्या वर्गात ऐकायला मिळाली नाही.

आता एम-स्ट्राइप्स ॲपमुळे हे सोपं झालंय. मोबाइलवर चाललेली वाट जशीच्या तशी नोंदली जाते. 'फिरला नाही' असं कुणी म्हणूच शकत नाही, त्यामुळे शून्य लिहायची भीती निम्म्याने कमी झाली. ॲपचे बाकीचे फायदे लोक पुष्कळ सांगतात. मला हा सगळ्यात मोठा वाटतो.

आता आकडा वरून येतो का याकडे वळते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पगमार्कची पद्धत ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये आणली. काचेवर पंजाचा ठसा गिरवायचा, मग कागदावर उतरवायचा, आणि ठशांवरून वाघ वेगवेगळे ओळखायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ आले, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. पद्धत त्या काळासाठी वाईट नव्हती. स्वस्त होती आणि वनरक्षकाला जंगलात फिरवत होती. पण एकाच वाघाचा पंजा ओल्या रेतीत वेगळा उमटतो, फुफाट्यात वेगळा, चढावर वेगळा. शिवाय प्रत्येक वाघाचा ठसा मिळालाच असं ती पद्धत गृहीत धरायची, म्हणजे हुकलेल्याला हिशोबात जागाच नव्हती. आणि आकडा देणारा तोच, ज्याच्या कामाचं मूल्यमापन त्या आकड्यावर व्हायचं. राजस्थानातल्या सरिस्कात त्याचा शेवट दिसला. कागदावर वाघ होते. २००५ मध्ये नीट शोध घेतला तेव्हा जंगलात एकही नव्हता. त्यानंतर टास्क फोर्स बसला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आणि मोजणीची पद्धत बदलली.

नव्या पद्धतीच्या २००६ च्या पहिल्या फेरीत १,४११ हा आकडा आला. त्याआधीचा, २००१-०२ चा, ३,६४२ होता. 'चार वर्षांत निम्म्याहून जास्त वाघ संपले' अशा बातम्या झाल्या. शिकार झाली होती हे खरंच आहे, पण हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. एक पायलीने मोजलेला आणि दुसरा किलोने. पुढचे मात्र एकमेकांशेजारी ठेवता येतात, तेही जपून, कारण दर फेरीत जास्त जंगल आणि जास्त कॅमेरे आले: २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये ३,६८२. महाराष्ट्राचे २००६ मध्ये १०३ होते, २०२२ मध्ये ४४४.

आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, कारण तुमच्या नोकरीतला सगळ्यात जास्त वेळ त्यातच जाईल. दोन चौरस किलोमीटरची एक चौकट, प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्यांची एक जोडी, वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. जोडी का? वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर जसेच्या तसे नसतात. एकच कॅमेरा चालू राहिला, तर डाव्या कुशीचा एक वाघ आणि उजव्या कुशीचा दुसरा, हे एकच की दोन, ते कळत नाही. पट्टे जुळवायला सॉफ्टवेअर आहे, प्राणी वेगवेगळे करायलाही आहे, पण शेवटचा निर्णय डोळ्यांचा. पट्ट्यांमधला एखादा 'वाय', एखादी तुटलेली बांगडी तुमच्या डोक्यात अशी बसते की पुढे स्वप्नातही दिसते.

त्यामागचं गणित गावाकडच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, समजतं. पहिल्या दिवशी २० मासे पकडले, खूण करून सोडले. दुसऱ्या दिवशी १५ पकडले, त्यांत ५ खुणेचे निघाले. म्हणजे पकडलेल्यांतला तिसरा हिस्सा खुणेचा. तर खुणेचे २० हे बोडीतल्या एकूण माशांचा तिसरा हिस्सा, म्हणजे अंदाजे ६० मासे. वाघाला खूण आपण करत नाही, ती तो घेऊनच येतो. कुठला वाघ कुठल्या कॅमेऱ्यावर किती वेळा आला, यावरून एकदाही न आलेले किती असतील, हे काढतात. इथेही तेच: न दिसलेल्याचा हिशोब दिसलेल्याच्या प्रामाणिक नोंदीवर उभा असतो. हे सगळं महिना-दीड महिन्यात उरकावं लागतं, नाहीतर मधल्या काळात वाघ जन्मतात, मरतात, येतात, जातात आणि बोडी बंद राहत नाही. एक वर्षाखालचे बछडे या आकड्यात धरत नाहीत, म्हणून गाइड सांगतो तो आकडा आणि अहवालातला आकडा कधी जुळत नाही.

कॅमेऱ्यात काय येतं? २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे ७६,६५१. हजार फोटोंमागे दोन-सव्वादोन. बाकीचं गवत, गायी, मोह वेचायला निघालेल्या बाया, वानरं, कॅमेरा हुंगणारं अस्वल, आणि कॅमेरा लावताना पुढून चालून दाखवणारी तुमची तुम्हीच. यासाठी जंगल सोडून खोलीत बसावं लागतं. लॅपटॉपसमोर सलग तीन महिने. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

माझी सगळ्यात मोठी चूकही इथेच झाली. एका उन्हाळ्यात मी ११ कॅमेऱ्यांची घड्याळं घाईत लावली, आणि त्यातल्या काहींवर सकाळ-रात्र उलटी झाली. तीन आठवडे कळलंच नाही. मग एक दिवस फोटोंत वानरांची टोळी रात्री एक वाजता लख्ख उन्हात खेळताना दिसली. वानर रात्री झाडावरून उतरत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. नुसता बारा तासांचा फरक असता तर दुरुस्त करणं सोपं होतं. पण मधल्या काळात कार्ड बदलायला गेलेल्या एका चांगल्या मनाच्या वनमजुराने काही घड्याळं स्वतःच सरळ केली होती, आणि कुठली ते लिहून ठेवलं नव्हतं. मोजणीत एक दिवस म्हणजे एक फेरी. बारा तास सरकले की रात्रीचा वाघ भलत्याच तारखेला जातो. मी तीन रात्री बसून एकेका फोटोतला उजेड, सावली, दव बघून वेळ ठरवली. दोन कॅमेऱ्यांचा काही मेळ लागेना, त्यांचा डेटा सोडून दिला आणि अहवालात तसं लिहिलं. लिहिताना हात थरथरत होता, कारण तेव्हा कराराचे दोनच महिने उरले होते. करार वाढला. वाढला नसता तरी तेच लिहायला हवं होतं, असं आज म्हणता येतं. त्या रात्री एवढी खात्री नव्हती.

एक तांत्रिक गोष्ट विदर्भात विसरू नका. हे कॅमेरे अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतल्या फरकावर चालतात. मे महिन्यात दुपारी पारा ४५ ला गेला की जमीनच जनावराएवढी तापते आणि कॅमेरा समोरून गेलेलं जनावर सोडून देतो. 'दुपारी वाघ फिरत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी हे आठवा. आणि समोरचं गवत विळ्याने बसून कापा. एका काडीने कार्ड भरलेलं मी पाहिलंय.

तृणभक्षी मोजायच्या रेषेवर एकच सवय मोडावी लागते, ती गोल आकड्यांची. चितळ दिसलं की रेंजफाइंडरने अंतर, होकायंत्राने कोन, आणि दोन्ही ते पहिल्यांदा जिथे दिसलं तिथले. बिचकून पळून थांबलं तिथले नव्हेत. अंदाजाने लिहिलं की सगळी चितळं १०, २० आणि ५० मीटरवरच उभी असतात. मला एकदा ८४ नोंदी मिळाल्या, त्यांत एकही चितळ ३७ मीटरवर नव्हतं. जंगलातल्या चितळांना दशमान पद्धत कुणी शिकवली, असं मी बैठकीत विचारलं. हसले सगळे, पण पुढच्या वेळी रेंजफाइंडरच्या बॅटऱ्या आल्या.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, ती गणना नव्हे. एकच अस्वल तीन पाणवठ्यांवर पाणी पितं आणि तीनदा लिहिलं जातं. पण मी तिच्या विरोधात नाही. शहरातला माणूस एक रात्र गप्प बसून जंगल ऐकतो, हे थोडं नाही. फक्त त्या रात्रीचा आकडा दुसऱ्या दिवशी 'वाघ वाढले' म्हणून छापून आला की माझा चहा गार होतो.

तर मग, आकडा वरून येतो का? मी १७ वर्षांत 'एवढे वाघ दाखवा' असा आदेश पाहिलेला नाही. फोटोतला वाघ पट्ट्यांसकट असावा लागतो, तो टेबलावर तयार होत नाही, आणि देशपातळीचं विश्लेषण डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत होतं. दबाव असतो तो बारीक आणि खालच्या पातळीवरचा. सफारीच्या रस्त्यावर कॅमेरे जास्त लावावेत, कारण तिथे वाघ हमखास. डोंगरापलीकडची चौकट सोडून द्यावी, कारण तिथे जायला चार तास चालावं लागतं आणि पाणीही उचलून न्यावं लागतं. नर दोनदा आला तर 'जरा वेगळा दिसतो नाही का हो' असं कुणीतरी मागे उभं राहून म्हणावं. यातलं काहीच खोटं म्हणता येत नाही, आणि सगळ्याने आकडा बिघडतो. तुमचा पगार खरं तर यासाठीच असतो. पलीकडच्या चौकटीपर्यंत चालत जायचं, आणि तिथे काही नसलं तर 'नाही' लिहायचं.

दुसरा दबाव एकाच आकड्याचा. २०२२ च्या ३,६८२ च्या दोन्ही बाजूंना ३,१६७ आणि ३,९२५ असे आकडे आहेत. खरा आकडा त्या पट्ट्यात असावा, असं त्याचं म्हणणं. बातमीत पट्टा गळून पडतो. आमच्या प्रकल्पात देशाच्या गणनेखेरीज दरवर्षीही मोजतात; एका वर्षी अंदाज २८ ते ३७ आला, मधला ३२. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, असं मोघम नको. एक सांगा." मी ३२ सांगितला, पट्टाही लिहून दिला. प्रसिद्धीपत्रकात ३२ राहिला. पुढच्या वर्षी मधला आकडा ३० आला, तर पेपरात 'दोन वाघ गेले कुठे?' आणि मला तीन दिवस तेच स्पष्टीकरण द्यावं लागलं, की दोन्ही वर्षांचे पट्टे एकमेकांवर एवढे चढलेत की वाढ झाली की घट, काहीच म्हणता येत नाही. आता मी पट्टा आधी लिहिते आणि मधला आकडा शेवटी. युक्ती छोटी आहे, पण चालते.

शून्याची दुसरी बाजूही सांगते, कारण सगळं काम वाघाचंच नसतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. एके काळी तिथल्या माळावर हा पक्षी बघायला लोक मुद्दाम येत. आज एखादा दिसला तरी बातमी होते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे 'दिसला नाही' लिहिणाऱ्या माणसाचं काम ताडोब्यात रोज चार वाघ पाहणाऱ्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, असं माझं मत आहे. त्याने कंटाळून फिरणं थांबवलं, तर दिसला नाही आणि शोधला नाही यांतला फरक कायमचा पुसला जातो.

धोक्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांना तो प्रश्न असणार. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात याच खुणा शोधण्याच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण लपवणारही नाही. माझे नियम साधे आहेत. एकटं जायचं नाही. सोबतच्या वनमजुराने 'इथून परत फिरू' म्हटलं की कारण नंतर विचारायचं. बछड्यांच्या खुणा ताज्या असतील तर त्या दिवशीची फेरी तिथेच संपली, फॉर्ममध्ये कारण लिहायचं. आणि खरं सांगायचं तर १७ वर्षांत मला सगळ्यात जास्त त्रास वाघाने नाही दिला. मलेरिया, उन्हाचा तडाखा आणि पहाटे चार वाजताच्या मोटारसायकलने दिला.

आतापर्यंतचं एकत्र करते म्हणजे पुढचं बोलता येईल. काम चालण्याचं, शिकवण्याचं आणि स्क्रीनसमोर बसण्याचं आहे. वाघ दिसणं हा बोनस. आकडा प्रामाणिक ठेवणं बऱ्याच अंशी खालच्या माणसाच्या हातात असतं. आता पोटापाण्याचं.

सरकारी खात्यात 'वन्यजीव गणना तज्ज्ञ' अशी कायम नोकरीची सरळ शिडी मला तरी सापडली नाही. व्याघ्र प्रकल्पांमधले जीवशास्त्रज्ञ बहुतेक कंत्राटावर, प्रकल्पाच्या फाउंडेशनमार्फत. माझा करार ११ महिन्यांचा असायचा. मधला महिना तुम्ही नोकरीत आहात की नाही, हे देवालाच ठाऊक. गृहकर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतल्या माणसाने कागद दोनदा उलटून पाहिला. कायमची नोकरी हवी असेल तर वाटा वेगळ्या: बारावीनंतर वनरक्षक भरती, एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा म्हणजे आरएफओ (एका रेंजचा, म्हणजे वनपरिक्षेत्राचा अधिकारी) किंवा सहायक वनसंरक्षक, आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा. त्या नोकऱ्यांत गणना हे दहा कामांतलं एक असतं. अतिक्रमण, आग, तेंदू, मानव-वन्यजीव संघर्षाची भरपाई, कोर्टाच्या तारखा ही बाकीची नऊ. पण गणनेत खरा बदल घडवायचा अधिकारही तिथेच असतो. माझ्या ओळखीचा सगळ्यात चांगला 'गणना तज्ज्ञ' एक आरएफओ आहे, ज्याच्या रेंजमध्ये शून्य लिहिणाऱ्या वनरक्षकाला कुणी बोलत नाही.

तिसरी वाट अभ्यासाची. भारतीय वन्यजीव संस्थेत प्रकल्पांवर मुलं घेतात, पुढे पीएच.डी. होते. त्यासाठी आत्ताच आर ही संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका. दोन्ही फुकट आहेत. आणि संख्याशास्त्र. प्राणिशास्त्राची मुलं त्याला घाबरतात, मीही घाबरायचे. बोडीतले मासे जमले की पुढचं जमतं. मेळघाटात जाणार असाल तर कोरकू, गडचिरोलीकडे जाणार असाल तर गोंडी किंवा माडिया, निदान पाणी, वाट आणि जनावरांची नावं एवढी तरी. मला सांबराची बसायची जागा सॉफ्टवेअरने कधी सांगितली नाही. पारबतीबाई नावाच्या आजीने सांगितली, तिच्या भाषेत.

जागा घ्यायची की नाही, हे घरची परिस्थिती पाहून ठरवा. तुमच्या पगारावर घर चालणार असेल तर मी लगेच 'हो' म्हणणार नाही. दोन वर्षं घर तुमच्याशिवाय चालू शकत असेल तर घ्या. २४ व्या वर्षी दोन वर्षं देता येतात, ३४ व्या वर्षी अवघड जातं. वडिलांशी भांडू नका. बँकेचा फॉर्मही भरून ठेवा. पावसाळ्यात पार्क बंद झालं की संरक्षण कुटीत संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं फारसं काही नसतं, अभ्यास छान होतो. आमच्यातली दोघं अशीच अभ्यास करून गेली, एक एमपीएससीला आणि एक खरोखरच बँकेत.

मुलाखतीला गेलात तर त्यांच्या प्रश्नांनंतर तुम्हीही दोन विचारा. मागच्या फेरीत किती चौकटी राहून गेल्या, आणि त्या अहवालात दाखवल्या का? डेटा तपासणारा आणि अहवालावर सही करणारा एकच माणूस आहे की दोन? उत्तर देताना समोरचा खुर्चीत जरा सावरून बसला आणि नीट सांगू लागला, तर तिथे काम शिकायला मिळेल. हसून विषय बदलला, तर पगार कितीही असो, मी गेले नसते.

रुजू झालात तर बूट एक नंबर मोठे घ्या, उन्हात पाय सुजतात. टॉर्चच्या आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या वेगळ्या डब्यांत ठेवा. कार्ड बदललं की तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे कागदावर लिहा, मोबाइलवर नको. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर लावा.